धनेशाच्या पंखांचा आवाज

बनशंकरी, बेंगळुरू

जंगलात जाऊन पक्षी बघायचे आणि त्याच जंगलातल्या नदीत रबरी होडीतून आदळत जायचं, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात एकदम का याव्यात, हे मला अजून कळलेलं नाही. पक्षी बघायला शांतता लागते. आणि राफ्टमधली माणसं, मी मोबाईलवर पाहिलं होतं, जीव गेल्यासारखी ओरडत असतात. पण माझे यजमान गुरुराज यांनी दोन्ही एकाच सहलीत बसवलं होतं, कारण दांडेलीच्या बाजूच्या एका घरगुती मुक्कामाच्या जागेनं दोन्ही मिळून स्वस्तात द्यायचं कबूल केलं होतं. स्वस्त म्हटलं की आमच्या घरात कुणी पुढचं विचारत नाही. मी विचारते. मी शाळेत गणित शिकवते आणि माझा स्वभाव काळजीचा आहे. स्वस्त का, हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडतो.

गुरुराज लग्नाच्या आधीपासून पक्षी बघतात. बघतात म्हणण्यापेक्षा ऐकतात म्हटलेलं बरं. रविवारी सकाळी आमच्या इथल्या लालबागेत त्यांची मंडळी दुर्बिणी रोखून उभी असायची, आणि हे डोळे मिटून सांगायचे, डावीकडं शिंजीर, वरच्या फांदीवर फुलटोच्या. मी सोबत जायची, पण बाकावर बसून पेपर तपासायला. मला कावळा आणि कोकिळा सोडून काही ओळखता येत नाही, आणि त्याची मला खंतही नव्हती.

मग ते ऐकणं हळूहळू गेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागून. कानामागं यंत्र आलं. यंत्रामुळं मी काय बोलते ते त्यांना पुन्हा ऐकू यायला लागलं, ज्याची त्यांना फार निकड नव्हती, पण पक्षी काही परत आले नाहीत. यंत्रातून सगळे आवाज तवा खरवडल्यासारखे येतात, म्हणाले. रविवारचं लालबागेत जाणं बंद झालं. मंडळींचे फोन यायचे, हे गुडघ्याचं कारण सांगायचे. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.

दांडेली निघालं ते मोठ्या धनेशामुळं. गिधाडाएवढा पक्षी, पिवळी वाकडी चोच, डोक्यावर टोप घातल्यासारखं शिंग. उडताना त्याच्या पंखांचा एवढा मोठा आवाज होतो की पक्षी दिसायच्या आधी आवाज पोहोचतो. आणि तो आवाज जाड असतो. "तो मला अजून ऐकू येईल, वसू," गुरुराज म्हणाले. "यंत्राशिवाय." पुढच्या वर्षी येईल की नाही, हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

काळी नदीच्या एका टप्प्यात दोन्ही काठांना रस्ता नाही, झाडी थेट पाण्यापर्यंत उतरते. हे पक्षी तिथं या काठावरून त्या काठावर जातात. तिथं पोहोचायचं तर राफ्टमधून. आणि राफ्टमध्ये बसायचं तर यंत्र काढून ठेवायचं. आता राफ्टचा म्होरक्या मागून ओरडून हुकूम देतो, पुढं वल्हवा, मागं वल्हवा, खाली बसा, आणि ते त्या क्षणी ऐकावंच लागतं. हे मला मोबाईलवरच कळलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली.

"त्या माणसाला आधी सांगू या," मी म्हटलं.

"सांगितलं की घेणार नाहीत मला. तू कुणाला काही सांगायचं नाहीस. सांगितलंस तर मी धारवाडवरनंच परत येईन."

मी शब्द दिला. मला पोहता येत नाही, पाणी बादलीत असलं तरच मला बरं वाटतं. मी काठावर बसणार आणि हे एकटे जाणार, असं ठरलं. नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो, पिशवीत कुरकुरीत कोडुबळे, चटणीपुडी, पहिल्या जेवणापुरतं चित्रान्न, आणि सगळ्यांवर माझी काळजी.

दांडेलीच्या वाटेवर

इथं आम्हा बेंगळुरूच्या मराठी लोकांची एक सवय सांगायला हवी. आमची घराणी तिथं कितीतरी पिढ्यांपासून आहेत. उंबऱ्याच्या बाहेर आम्ही कन्नड बोलतो आणि आत मराठी. त्यामुळं मराठी म्हणजे आम्हाला दार लावलेली खोली वाटते, आणि ती खोली आम्ही सगळीकडं सोबत नेतो. दुकानदारासमोरच "हा फार सांगतोय, उठा" म्हणायचं. बसमध्ये शेजारच्या बाईच्या नेसण्यावर बोलायचं. दवाखान्यात डॉक्टरसमोर डॉक्टर कसा वाटतो ते ठरवायचं. कुणाला काही कळत नाही. शिवाय आता गुरुराजांना ऐकू जावं म्हणून मी हे सगळं शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात बोलते.

धारवाडहून सरकारी बसनं आम्ही हळियाळमार्गे दांडेलीला उतरलो. साग सुरू झाला तशी हवा ओलसर आणि थंड झाली. स्टँडवर जीप घेऊन महादेव नावाचा माणूस आला होता. "बन्नी मेडम, बन्नी सर," म्हणजे या, या, असं कन्नडमध्ये म्हणत त्यानं पिशव्या उचलल्या. चाळिशीचा, पोट सुटलेला, डोळे लालभडक. मुक्कामाची जागा त्याचंच घर होतं. जीप तोच चालवणार, पक्षी तोच दाखवणार आणि उद्या राफ्टचा म्होरक्याही तोच. स्वस्त का, याचं उत्तर मला तिथंच मिळालं.

जीप वळणावळणानं जंगलात शिरली. मी गुरुराजांना म्हटलं, "अहो, याचे डोळे बघितलेत?"

"हां?"

"डोळे! लाल आहेत! पिऊन आलाय का हा?"

"स्वल्प हळू बोल गं."

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत नाही!"

महादेव समोर बघून जीप चालवत होता. मी निर्धास्त होते. कर्नाटकातला माणूस, आमच्याशी कन्नड बोलतोय, म्हणजे कन्नडच, एवढं सरळ माझं गणित. मग मी मनात साठलेलं सगळं बाहेर काढलं. या माणसाचं पोट कुठल्या लाईफ जॅकेटात मावत असेल. उद्या तुम्ही पडलात तर हा उडी मारणार की पोट धरून बसणार. यंत्र काढल्यावर तुम्हाला ढोल वाजवला तरी कळत नाही, मग याचं ओरडणं कसं कळणार. आणि सांगू म्हटलं तर तुम्ही मला शपथा घालता.

"सांगायचं नाही म्हणजे नाही," गुरुराज तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाजही कळत नाही.

घरी महादेवच्या बायकोनं जेवण वाढलं. तांदळाची भाकरी, कोकमाचं सार, आणि रानातल्या कंदांचे रव्यात परतलेले काप. आमच्याकडं सारू म्हणजे मिरीचा ठसका. इथं ते गुलाबी, आंबट, थंडगार. गुरुराज तीन वाट्या प्याले. "छान आहे, पण मीठ कमी आहे," मी त्यांना म्हटलं, आणि मान वर करते तो बाईंनी मिठाची वाटी माझ्या पानाशी ठेवलेली. काय चाणाक्ष बाई, असं मला वाटलं. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही.

लाकडांचा डेपो

संध्याकाळी महादेव आम्हाला दांडेलीच्या जुन्या लाकूड डेपोत घेऊन गेला. सागाच्या ओंडक्यांचे ढीग आणि मधूनमधून उंच झाडं. तिथं कवडे धनेश आले, एकामागून एक, काळे-पांढरे, चोचीवर शिंग, आणि सगळे मिळून भांडण लागल्यासारखे कलकलत होते. मला ते बघून हसू आलं. पक्षी बघून मला हसू येण्याची ही पहिलीच वेळ असावी.

गुरुराजांनी दुर्बीण डोळ्याला लावली होती. थोड्या वेळानं त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता.

"मोठे कुठं आहेत?" त्यांनी महादेवला कन्नडमध्ये विचारलं.

"ते इथं फार येत नाहीत. नदीवर बघू, उद्या," तो म्हणाला.

परतताना जीपमध्ये मला उद्याची सकाळ नकोशी झाली होती आणि उद्या गेलंच नाही तर यांचं काय होईल, याचीही धास्ती वाटत होती. काळजी करणाऱ्या माणसाला दोन्हीकडून मार असतो.

गणेशगुडी

वरच्या धरणातून पाणी सोडतात तेव्हाच राफ्टिंग होतं, म्हणून सकाळी आम्ही काठावर पाण्याची वाट बघत बसलो होतो. आमच्या राफ्टमध्ये हुबळीची चार तरुण मुलं होती, कुठल्याशा बँकेत नोकरीला लागलेली. पाणी वाढलं तसा नदीचा आवाज बदलला. गुरुराजांनी यंत्र माझ्या हातात दिलं, हेल्मेट चढवलं आणि महादेव हुकूम समजावत असताना मान डोलवत राहिले. मान डोलवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

सगळं सांगून झाल्यावर महादेव आमच्याकडं आला, माझ्या समोर उकिडवा बसला आणि मराठीत म्हणाला, "बाई, डोळे लाल हायत ते जागरणानं. परवा रात्री म्हस व्याली आमची. मी पीत न्हाई."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आदल्या दिवशीचं एकेक वाक्य कानात वाजायला लागलं. मिठाची वाटीही आठवली.

"तुम्हाला मराठी येतं?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"आमच्या घरातली भाषा हाय. तुमची जरा निराळी हाय, पण कळते की सगळी. तुम्ही एवढ्या मोठ्यानं बोलूलालाय, न कळून काय करतंय?" तो हसत नव्हता. "सायबांना ऐकायला येत न्हाई ते मला कालपासनं ठाऊक हाय. तुम्ही आपणहून सांगचाल म्हणून वाट बघितली. आता मी न्हेऊ शकत न्हाई त्यांना. तिसऱ्या उतारावर दगड हाय. खाली बसा म्हटलं आणि बसले न्हाईत, तर डोकं फुटतंय."

गुरुराज माझ्याकडं आणि त्याच्याकडं आळीपाळीनं बघत होते. शब्द नाही, पण अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचला. "तू सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं!" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, तेवढं त्यांना यंत्राशिवायही कळतं.

"मग याला कसं कळलं?"

"मी ओरडले! फक्त ओरडले! तुम्हाला ऐकू जावं म्हणून!"

हुबळीची मुलं दुसरीकडं बघायला लागली. बहुतेक त्यांनाही कळत होतं. गुरुराजांनी हेल्मेट काढलं, नीट खाली ठेवलं आणि जाऊन एका दगडावर आमच्याकडं पाठ करून बसले.

मला जे हवं होतं ते झालं होतं. माणूस सुखरूप काठावर होता, तेही मी शब्द न मोडता. मी देवाचे आभार मानायला हवे होते. पण त्या पाठीकडं बघून ते जमेना. लालबागेचे फोन आले की हे असेच खिडकीकडं तोंड करून बसायचे. आता आम्ही घरी जाणार आणि हे कायमचे तसेच बसणार, असं मला स्पष्ट दिसलं.

मी महादेवला म्हटलं, "मी त्यांच्या मागं बसते. तुम्ही ओरडा, मी त्यांच्या पाठीवर थापटून सांगते."

"तुम्हाला पोहायला येतंय?"

"नाही."

"भ्या वाटत न्हाई?"

"फार वाटतं. पण मला ऐकू येतं."

त्यानं यंत्र नेऊन जीपमध्ये ठेवलं आणि मला जॅकेट, हेल्मेट चढवलं. मग त्यानं आम्हाला काठाजवळच्या संथ पाण्यात राफ्टमध्ये बसवलं आणि पुन्हा पुन्हा करून घेतलं. एक थाप म्हणजे पुढं, दोन थापा म्हणजे मागं, जॅकेट धरून खाली ओढलं की आत बसायचं. मी चुकले की तो वर्गात ओरडावं तसा ओरडायचा. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "सरी, बरं हाय, चला." माझ्या हातात वल्हं दिलंच नाही. गुरुराज माझ्याशी अजून बोलत नव्हते, पण त्यांची पाठ माझ्या हाताखाली होती.

उतारावर

पहिला उतार आला तेव्हा मी रामरक्षा सुरू केली होती, ती दुसऱ्या ओळीतच विसरले. समोरचं पाणी पांढरं झालं, राफ्ट खाली गेली आणि पुन्हा वर आली, आणि अंगावर थंडगार पाणी एवढं आलं की श्वासच अडकला. "फॉरवर्ड!" महादेव ओरडला. मी थापटलं. गुरुराजांनी वल्हं मारलं, बाकीच्यांच्या बरोबरीनं. दुसऱ्या उतारालाही जमलं. मध्ये एकदा त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. राग गेलेला नव्हता, पण त्याच्यात थोडी गंमत आली होती.

तिसऱ्या उताराच्या आधी मला तो दगड दिसला, काळा, पाण्यातून पाठ वर काढून बसलेला. "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" मी थापटत राहिले. "गेट डाऊन!" मी गुरुराजांचं जॅकेट दोन्ही हातांनी धरून त्यांना खाली ओढलं. ते आत बसले. मी त्यांना बसवण्यात गुंतले आणि स्वतः बसायचं राहून गेलं.

राफ्ट दगडाला घासली आणि मी बाहेर फेकली गेले.

पाण्याखाली काहीच ऐकू येत नाही, एक नुसती घरघर असते. जॅकेटनं मला वर आणलं. राफ्ट पुढं निघाली होती आणि गुरुराजांची पाठ मला दिसत होती. "अहो!" मी ओरडले. होता नव्हता तो सगळा आवाज काढून ओरडले. पाठ हलली नाही. सगळी नदी ऐकेल असा तो आवाज एका माणसाला ऐकू जात नव्हता. मला मरणाची भीती वाटली, पण त्याहून जास्त वाटलं की यांना कळणारच नाही.

मग ते वळले. नंतर म्हणाले, "पाठीवर हात नव्हता." वळले, रिकामी जागा बघितली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तो मला पुन्हा बघायचा नाही. तोवर महादेवनं दोरीची पिशवी फेकली होती. ती माझ्या तोंडावरच आली. मी दोरी धरली, गुरुराज राफ्टच्या काठावर पालथे पडून वल्ह्याची मूठ माझ्याकडं करत होते, आणि त्या दोघांनी मला पोत्यासारखं आत ओढून घेतलं. सोबत दोनेक तांबे नदी माझ्या पोटात आली. एक चप्पल काळी नदीला गेली.

"पोट धरून बसलो न्हाई बघा, बाई," महादेव धापा टाकत म्हणाला. हुबळीची मुलं हसली. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

डोह

त्या उतारापुढं नदी एकदम शांत होते. पाणी हिरवं आणि खोल, दोन्हीकडं झाडी अंगावर आल्यासारखी. महादेवनं सगळ्यांना वल्ही आत घ्यायला सांगितली. गुरुराज आता माझ्याकडं तोंड करून बसले होते. त्यांनी माझा हात धरला होता आणि सोडत नव्हते. चार परक्या मुलांच्या समोर त्यांनी माझा हात कधी धरलेला नाही.

तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. आधी कळेना काय आहे ते. डावीकडच्या झाडीतून, वरून, जवळ येणारा. मग दोन मोठे पक्षी झाडांच्या शेंड्यांवरून बाहेर पडले, पिवळ्या चोचींचे, आणि आमच्या डोक्यावरून नदी ओलांडायला लागले. मुलांनी माना वर केल्या.

गुरुराज माझ्याच तोंडाकडं बघत होते. मी ओल्या अंगानं कुडकुडतेय का, याची त्यांना काळजी.

मी त्यांची हनुवटी धरून वर केली. त्यांनी बघितलं. पक्षी अगदी वरून जात होते, एकेक पंखाचा झटका मला छातीत जाणवत होता. दुसरा काठ येईपर्यंत, झाडीत शिरेपर्यंत त्यांनी बघितलं. मग ते खाली बघायला लागले.

"आवाज होता?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. नव्हता म्हणावं, इतक्या उंचीवरून येत नाही म्हणावं. पण त्यांना ठाऊक असतं. मी मान डोलवली. होता.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नदीचंही होतंच तोंडावर, त्यामुळं कुणाला कळलं नसेल. मला कळलं. सकाळपासून भीत होते ते सगळं टळलं होतं, आणि ज्याची मी भीतीच धरली नव्हती ते झालं होतं.

"कसा होता?" ते म्हणाले.

मी आयुष्यात कधी पक्ष्याचा आवाज असा ऐकला नव्हता, तो कुणाला सांगायचा तर दूरच. महादेव, ती मुलं, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं.

"चिकपेटला साडीच्या दुकानात," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं, नदीच्या दोन्ही काठांना जाईल असं म्हटलं, "तो माणूस नवी कोरी साडी झटकून उघडतो बघा! तसं! पण साडी जाडजूड, इरकलीसारखी! एक झटका, मग जरा थांबतं, मग दुसरा! आणि प्रत्येक झटक्याला वारा सुटतो!"

"दोघांचा वेगळा होता?"

"हो! पुढच्याचा जड! मागचा जरा घाईत!"

त्यांनी डोळे मिटले, लालबागेत मिटायचे तसे.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं, आणखी मोठ्यानं.